‘एकच प्याला’चे रसग्रहण : नवशिक्यांसाठी बिनधोक मार्गदर्शन

अभिनंदन! तुमच्या वाट्याला ‘एकच प्याला’ आले आहे. कुणाचा एम.ए.चा पेपर असेल, कुणी नेट-सेटच्या मागे लागले असेल, कुणाला चर्चासत्रात निबंध वाचायचा असेल, आणि कुणाला नाट्यमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी ‘हजारेक शब्द द्या ना’ म्हणून फोनवरून गळ घातली गेली असेल. काम सगळ्यांचे एकच : राम गणेश गडकऱ्यांच्या या नाटकातला उपरोध, भाववातावरण आणि आलंकारिक भाषा यांचे विश्लेषण करणे. घाबरू नका. गेली शंभरहून अधिक वर्षे लोक या नाटकाचे विश्लेषण करत आले आहेत आणि त्यात कुणाला इजा झाल्याचे ऐकिवात नाही. पुढच्या पायऱ्या नीट पाळल्यात तर तुम्हीही यातून कोरडे बाहेर पडाल.

एकच इशारा. या नाटकात काही निसरड्या जागा आहेत. तिथे पाय घसरला की माणूस विश्लेषण विसरतो आणि नाटक वाचत बसतो. अशा जागा आम्ही ‘सावधान’ या शब्दाने दाखवल्या आहेत. तिथून डोळे मिटून पुढे जा.

१. आधी लेखक उरकून घ्या

नाटकाला हात लावण्यापूर्वी अर्धे पान लेखकाच्या माहितीने भरा. जन्म १८८५, नवसारी. मृत्यू २३ जानेवारी १९१९, सावनेर. कवितेला नाव गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम. नाटक रंगभूमीवर आले तेही १९१९ सालीच, पण लेखक गेल्यावर. गंधर्व नाटक मंडळीने ते केले. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर झाले, पदे वि. सी. गुर्जरांनी रचली. मध्ये मध्ये ‘भाषाप्रभू’ हा शब्द पेरत जा. पानाला दोनदा पुरतो. तिसऱ्यांदा आला तर तपासनिसाला संशय येतो की तुम्हाला दुसरे काही सुचत नाही.

सावधान : तळीराम आजारी पडतो तेव्हा गडकऱ्यांनी त्याच्या उशाशी डॉक्टर आणि वैद्य आणून त्यांचे भांडण लावून दिले आहे. रोगी बाजूला राहतो आणि थिएटर हसून लोळते. हा प्रवेश लिहिणारा माणूस ३३ व्या वर्षी गेला आणि त्यावरचा हशा त्याच्या कानावर कधी पडलाच नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याचा मोह होईल. आवरा. लेखकपरिचयाला दोन गुण असतात, ते जन्म आणि मृत्यूच्या तारखांतच संपतात.

२. कथानक चार ओळींत गुंडाळा

हुशार आणि मानी वकील सुधाकर याची कोर्टातल्या खटक्यापायी काही काळ सनद जाते. अपमान विसरायला त्याचा कारकून तळीराम एक प्याला पुढे करतो. मग पैसा, अब्रू, मूल, बायको सिंधू आणि शेवटी तो स्वतः, असे एकेक करून सगळे जाते. झाले कथानक.

रामलाल, शरद आणि भगीरथ यांचेही एक उपकथानक आहे. त्याबद्दल ‘मुख्य कथानकास पूरक’ एवढे लिहून निघून जा. पूरक कसे, हे विचारण्याइतका वेळ तपासनिसाकडे नसतो. त्याच्या टेबलावर आणखी दोन गठ्ठे पडलेले असतात. बिचारा! त्याचाही जरा विचार करा.

३. अलंकार टिपा

तीन रंगांची पेने आणा. ‘सारखा’, ‘सम’, ‘परी’ दिसले की हिरवी रेघ : उपमा. ‘जणू’, ‘वाटे’, ‘गमे’ दिसले की निळी : उत्प्रेक्षा. दोन वस्तू एकच आहेत असे कुणी ठणकावून सांगितले की लाल : रूपक. गडकऱ्यांच्या संवादांत या रेघा इतक्या होतात की पान होळीत सापडल्यासारखे दिसते. हे चांगलेच आहे. रंगीत पानाची झेरॉक्स काळीपांढरी येत असल्यामुळे वर्गमित्रांना तुमची मेहनत आयती मिळत नाही.

कोणता अलंकार हे कळले नाही तर ‘चेतनगुणोक्ती’ लिहा. ज्या नाटकात पेलाच सगळ्यांना नाचवतो तिथे हे उत्तर सहसा खोटे ठरत नाही. त्याहून अडचण आली तर ‘अतिशयोक्ती’ लिहा. गडकऱ्यांना ते कधीच कमी पडत नाही. प्रत्येक उदाहरणाखाली हे वाक्य टाका : ‘येथे लेखकाने समर्पक अलंकाराची योजना करून भाषेचे सौंदर्य खुलवले आहे.’ हे वाक्य कोणत्याही नाटकाला, कादंबरीला आणि थोडा फेरफार केला तर लग्नपत्रिकेलाही चालते.

सावधान : दारुडा माणूस पायरीपायरीने कसा उतरत जातो, हे सुधाकर रामलालला समजावून सांगतो. ते भाषण तुमच्या रेघांनी भरून जाईल. प्रतिमेवर प्रतिमा येते, तरी क्रम कुठे चुकत नाही. आधी मुद्दा, मग दाखला, मग निष्कर्ष. कोर्टात उभ्या राहिलेल्या वकिलाची ही शिस्त आहे. सनद गेली तरी युक्तिवाद गेलेला नाही. फरक एवढाच की आरोपीही तोच आहे आणि शिक्षाही त्याला आधीच ठाऊक आहे. आपल्या रोगाचे इतके बिनचूक निदान करणाऱ्या माणसाच्या हातातला पेला मात्र खाली येत नाही. म्हणजे त्या उपमा-उत्प्रेक्षा शोभेच्या नाहीत. शहाणपण आणि सुटका यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे त्या दाखवत राहतात. असे काही मनात आले तर पेन खाली ठेवा, पाणी प्या आणि पुन्हा ‘जणू’ शोधायला लागा.

४. प्रतीके काढा, थांबू नका

आता तुम्ही तयार झालात. सिंधू म्हणजे समुद्र. सुधाकर म्हणजे चंद्र. चंद्र कुठून निघाला? समुद्रमंथनातून. त्याच मंथनातून वारुणी म्हणजे मदिराही निघाली आणि हलाहलही निघाले. शेवटी सुधाकर दारूत विष घालून पितो. पाहा, बसल्या जागी चौदांपैकी तीन रत्ने हाती आली! धन्वंतरीच्या खात्यावर ते भांडखोर डॉक्टर-वैद्य घाला : चार. भगीरथाच्या नावातून गंगा आणा; ती रत्नांत नसली तरी पाण्याच्या खात्यात धरता येते. तळीराम म्हणजे तळाला नेणारा, हे तर शाळकरी पोरही सांगेल.

ऐरावत सापडला नाही म्हणून खट्टू होऊ नका. ‘या दिशेने अधिक संशोधनास वाव आहे’ असे लिहा. त्या एका हत्तीवर पुढे कुणाची तरी पीएच.डी. होईल आणि आभारात तुमचे नाव येईल.

५. भाववातावरणाचा तक्ता आखा

भरताच्या नाट्यशास्त्रात रस आठ आहेत. शांतरस मागाहून त्यांत येऊन बसला. आडव्या रकान्यांत रस, उभ्या रकान्यांत पाच अंक. तळीरामाने काढलेल्या आर्यमदिरामंडळाची बैठक आली की हास्य. सुधाकराने काठी उचलली की रौद्र. उरलेल्या सगळ्या चौकटींत करुण. स्थायीभाव शोक. आलंबन, उद्दीपन, अनुभाव यांची नावे तळाशी लिहा आणि त्यांच्याकडे बाण काढा. बाण कुठून कुठे जातो याला महत्त्व नाही, तो पट्टीने काढलेला असावा.

सावधान : हे संगीत नाटक आहे, आणि ते तक्त्यात बसत नाही. सिंधू दारिद्र्यात पिचते तेव्हा गाते. गाणारे बालगंधर्व असतात. पद संपते आणि प्रेक्षागृहातून आवाज येतो : ‘वन्स मोअर!’ मग पोटाला अन्न नसलेली ती बाई मागे फिरून आपले दुःख पुन्हा पहिल्यापासून आळवते, कारण पुढच्या रांगेला ते फार आवडलेले असते. लोकांचे डोळे ओले, हात टाळ्या वाजवण्यात गुंतलेले. सिंधूचे हाल संपावेत असे त्यांना मनापासून वाटते; फक्त हे पद आणखी एकदा झाल्यावर संपावेत. या प्रेक्षकाचा रस कोणता, आणि तो कोणत्या चौकटीत लिहायचा? तक्त्याला नवा रकाना जोडावा लागेल. वहीत जागा नाही, सोडून द्या.

६. उपरोध पकडा

उपरोधाचे तीन प्रकार पाठ करा : शाब्दिक, प्रसंगनिष्ठ आणि नाट्यगत. प्रत्येकाला एकेक उदाहरण पुरे.

शाब्दिक : ‘एकच’ म्हणून सुरू झालेला पेला एकच राहत नाही. प्रत्येक गाइडात हेच आहे, म्हणून हेच लिहा. तपासनीस ओळखीचे वाक्य भेटल्यावर खूश होतो.

प्रसंगनिष्ठ : कायद्याचा जाणकार स्वतःच्या घरात गुन्हेगार ठरतो.

नाट्यगत : जे पात्राला ठाऊक नसते ते प्रेक्षकाला ठाऊक असते. इथे सॉफोक्लीझच्या ‘इडिपस’चा उल्लेख करा, खुन्याचा शोध घेणारा राजाच खुनी असतो, हे त्या नाटकाच्या प्रेक्षकाला आधीपासून माहीत असते. मग सुधाकराकडे वळा. मध्यंतरी तो दारू सोडतो. सगळी पात्रे आनंदतात. प्रेक्षक मात्र शांत असतो, कारण शेवटचा पडदा अजून पडायचा आहे आणि त्याने तिकीट पूर्ण नाटकाचे काढले आहे.

सावधान : त्या घडीला प्रेक्षकाला नक्की काय हवे असते, याच्या खोलात जाऊ नका. सुधाकर खरोखरच सुधारला असता तर लोक तिथूनच घरी गेले असते आणि मंडळीचे त्या रात्रीचे उत्पन्न बुडाले असते. त्याने पुन्हा प्यावे ही गरज एकट्या तळीरामाची नाही. पण हे लिहाल तर ‘विद्यार्थ्याने विषयांतर केले आहे’ असा शेरा बसेल.

७. तळीरामाला खलनायक ठरवा आणि मागे वळून पाहू नका

‘दुष्ट’, ‘अधम’, ‘कारस्थानी’ यांपैकी दोन विशेषणे घ्या. तळीरामाचे संवाद शक्यतो वाचू नका. वाचावेच लागले तर मोठ्याने वाचू नका. घरात कुणी हसले तर पंचाईत होईल.

अडचण अशी आहे की नाटकातले बहुतेक चांगले विनोद याच माणसाच्या आणि त्याच्या गोतावळ्याच्या वाट्याला आले आहेत. त्याने काढलेले आर्यमदिरामंडळ पाहा. त्या काळात सुधारणेसाठी गावोगाव सभा भरत, ठराव होत. तोच सगळा थाट उचलून गडकऱ्यांनी दारूच्या बैठकीला बसवला आहे. शास्त्री आणि खुदाबक्ष एका पंगतीला येतात. समाजसुधारकांना जे जमत नव्हते ते बाटलीने करून दाखवले, याचे मंडळाला कोण कौतुक! आणि दारूविरुद्ध तळमळून बोलतो तो रामलाल. त्याचे सगळे खरे असते, रास्त असते. ऐकता ऐकता माणूस आसनात चुळबुळ करू लागतो.

सावधान : ही या नाटकातली सगळ्यात निसरडी जागा. दारूच्या बाजूला हशा आणि शुद्धीच्या बाजूला उपदेश, अशी वाटणी गडकऱ्यांसारख्या विनोदाच्या उस्तादाच्या हातून नकळत होणे कठीण. तळीराम सुधाकराला जी सोबत, जी हलकी घटका देऊ करतो तीच तो तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थालाही देतो. गृहस्थ खुशाल घेतो. दारूबंदीवर टाळ्या वाजवायला आलेला माणूस अर्धे नाटक तळीरामाच्या पंगतीत बसून काढतो आणि पाचव्या अंकात त्याचे बिल सिंधूकडून फेडून घेतले जाते. पुढे मराठी माणसाने या नाटकातून लक्षात ठेवलेले नाव कुणाचे? ३१ डिसेंबर जवळ आला की वर्तमानपत्रांत ‘तळीरामांवर नजर’, ‘तळीरामांची धांदल’ असे मथळे झळकू लागतात, आणि त्यांत राग कमी, लाड जास्त असतो. रामलालच्या नावाने कुणी मथळा काढत नाही.

हे सगळे विसरा. ‘दुष्ट, अधम’ एवढेच लिहा.

८. परदेशी नावे योग्य प्रमाणात घाला

ॲरिस्टॉटल आणि त्याचा ‘हामार्शिया’ घातल्याशिवाय शोकांतिकेला वजन येत नाही. सुधाकराचा हामार्शिया म्हणजे त्याचा अहंकार, असे लिहा. दारू हेही उत्तर चालते. दोन्ही लिहून मध्ये ‘आणि/किंवा’ घातले तर फारच उत्तम. गडकऱ्यांना महाराष्ट्राचे शेक्सपिअर म्हणण्याची रीत आहे, तेव्हा ‘ऑथेल्लो’तला इयागो आणि तळीराम यांची तुलना हमखास करा. दोघेही नायकाच्या पदरी असतात, दोघेही त्याच्या घराचा सत्यानाश करतात. साम्य सिद्ध.

सावधान : इयागोला खोटे बोलावे लागते. रुमालाची भानगड रचावी लागते, नसलेले संशय पेरावे लागतात. तळीरामाला एवढी यातायात करावी लागत नाही. घे, विसरशील, एवढाच त्याचा सांगावा. सुधाकर घेतो आणि विसरतो. तळीरामाने माल दिला तो अगदी सांगितला तसा दिला. फसवणुकीची फिर्याद कुठल्या कलमाखाली करणार? तुलना इथे लंगडी पडू लागेल. ती पडण्याआधी ‘थोडक्यात’ हा शब्द लिहा आणि परिच्छेद संपवा.

९. ‘आजही समकालीन’ म्हणा

शेवटचा परिच्छेद ‘आजही हे नाटक तितकेच समकालीन आहे’ या वाक्याने सुरू करा. त्याला पुरावा जोडू नये अशी प्रथा आहे. फार वाटले तर ‘व्यसनाधीनता ही आजच्या युवा पिढीसमोरील ज्वलंत समस्या आहे’ हे जोडा. ‘ज्वलंत’ शब्द दारूच्या संदर्भात आल्यामुळे श्लेषही साधतो आणि अलंकाराच्या प्रश्नातला अर्धा गुण फुकटात पडतो.

१०. सिंधूचा जबाब : शक्य असल्यास हा प्रश्न टाळा

पर्यायी प्रश्न असेल तर तोच घ्या. नसेल तर नेमके काय होते ते आधी पाहून ठेवा.

नशेत सुधाकर काठी चालवतो. मूल जाते आणि सिंधू मरणाच्या दारात पडते. फौजदार जबाब घ्यायला येतो. ती सांगते की कुणी मारले नाही, आपणच पडलो. फौजदाराला ते लिहून घ्यावे लागते.

उत्तर एका ओळीत आहे : ‘यातून सिंधूचे आदर्श पातिव्रत्य दिसून येते.’ रस करुण, गुण पूर्ण.

सावधान : १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात ३२ वे कलम होते. मरणाऱ्या माणसाने आपल्या मरणाच्या कारणाबद्दल जे सांगितले ते, तो माणूस हयात नसला तरी, पुरावा म्हणून घेता येई. कारण मरताना माणूस खोटे बोलत नाही, असे कायदा धरून चालतो. वकील सुधाकराला हे पाठ असणार. त्याच्या बायकोने हे कलम वाचले असेल असे वाटत नाही. पण त्या कलमाच्या भरवशावर फौजदार वही उघडतो आणि ती मरताना खोटे बोलते. नवऱ्याने इतकी वर्षे कायद्याचा अभ्यास केला, आणि त्याच्या घरातली कायद्यापुढे टिकणारी सगळ्यात भक्कम साक्ष हीच ठरली. ती खोटी आहे हे आपल्याला ठाऊक आहे. काठी आपल्या डोळ्यांसमोर चालली. सहाव्या पायरीत पाठ केलेला नाट्यगत उपरोध तो हाच. फक्त इथे माहीत असणारा प्रेक्षक साक्षीदारही आहे, आणि शेकडो साक्षीदारांपैकी एकही उठून ‘फौजदारसाहेब, थांबा’ म्हणत नाही. सगळे रुमाल काढतात. काहींना ती फार थोर वाटते. आपणही नुकतेच लिहिले : आदर्श.

इथे काहींना हमखास त्रास होतो. सोसायटीतल्या एखाद्या वहिनी आठवतात, ज्यांच्या डोळ्याखाली निळे पडले होते आणि ज्या लिफ्टमध्ये आपणहून म्हणाल्या होत्या, ‘बाथरूममध्ये पाय घसरला हो.’ आपण तेव्हा ‘अरेरे, फरशी बदलून घ्या’ म्हटले होते, हेही आठवते. काळजी करू नका, असे बऱ्याच जणांचे होते. तो भाग अभ्यासक्रमात नाही आणि त्याला गुणही नाहीत. पुरवणीला दोरा बांधा, त्यावर बैठक क्रमांक घाला आणि पुढचा प्रश्न सोडवायला घ्या.